श्वासाचे मशीन हातातच ठेवा

गेल्या उन्हाळ्यात आम्ही बाबांना पहिल्यांदा विमानात बसवले. बंगळुरूला त्यांच्या लेकीला मुलगी झाली होती आणि नात बघायला ते उतावीळ झाले होते. नागपूरहून रेल्वेने जायचे तर एक रात्र गाडीत काढावी लागते. रात्र म्हटली की बाबांचे मशीन आले, आणि मशीन म्हटले की रात्रभर चालू राहणारा प्लग हवा. गाडीत ते जमणार नाही, म्हणून जावयानेच विमानाची तिकिटे काढून दिली. घरात डिंकाचे लाडू झाले, बाळाची दुपटी शिवून झाली. बॅग भरायला बसलो तेव्हा बाबा हळूच म्हणाले, "ते मशीन मोठ्या बॅगेत खाली टाका. लोकायले दाखवत कायले फिराचं?"

आम्ही त्यांचे ऐकले. मशीन चादरीत गुंडाळले, मोठ्या बॅगेच्या तळाशी ठेवले आणि बॅग काउंटरवर जमा केली. बंगळुरूला उतरलो. पट्ट्यावर सगळ्यांच्या बॅगा आल्या, आमची आली नाही. "उद्या संध्याकाळपर्यंत घरपोच मिळेल," असे सांगून एका माणसाने हातात कागद दिला.

त्या रात्री घरात दोन माणसांच्या श्वासाकडे सगळ्यांचे लक्ष होते. एक बारा दिवसांची नात आणि दुसरे तिचे आजोबा. नात गाढ झोपली. आजोबांचे घोरणे मात्र भिंतीपलीकडून ऐकू येत होते. घोरता घोरता एकदम शांत होत. आम्ही अंधारात मोजत बसायचो. एक, दोन, तीन... वीस. मग छाती दचकल्यासारखी हलायची, मोठा आवाज करून श्वास आत जायचा आणि पुन्हा घोरणे सुरू. सकाळी बाबांचे डोके जड, डोळे लाल. नातीला मांडीवर घेतले आणि बसल्या बसल्या त्यांना डुलकी लागली. बाळ आम्ही पटकन उचलून घेतले.

परतीच्या प्रवासात आम्ही शहाणे झालो होतो. मशीन हातातल्या बॅगेत घेतले. सुरक्षा तपासणीच्या यंत्रातून बॅग गेली, पट्टा थांबला, मागे आला, पुन्हा पुढे गेला. जवानाने विचारले, "ये क्या है?" बाबांनी आपल्या हिंदीत खरे उत्तर दिले, "साहब, सोने की मशीन है." जवानाने मान वर केली. "सोने की?" बाबा म्हणाले, "हां साहब, रोज सोते हैं."

आज हे सांगताना घरात हसू येते. तेव्हा आले नाही. बॅग उघडली गेली. मास्क बाहेर काढून वर धरला गेला, रांगेतल्या सगळ्यांना दिसेल असा. मग तो त्याच ट्रेमध्ये ठेवला, ज्यातून थोड्या वेळापूर्वी कुणाचे तरी बूट गेले होते. मागून कुणीतरी म्हणाले, "कुछ बीमारी होगी, दूर रहो." सगळे मिळून सात-आठ मिनिटे लागली असतील. शेवटी जवानाने "ठीक है, जाइए" म्हटले. पण विमानात बसल्यावर बाबा म्हणाले, "पुढच्या टायमाले मी येत नाही. तुमीच जाऊन या."

या एका वाक्यासाठी हा लेख लिहायला घेतला. एका मशीनपायी माणूस आपल्या नातीला भेटायला जायचे सोडतो म्हणतो, तर चूक कुठे झाली ते शोधले पाहिजे. आमच्या मते त्यातली निम्मी चूक आमची होती आणि निम्मी व्यवस्थेची. दोन्हीविषयी बोलू.

हे मशीन आहे तरी काय?

बाबांना जो आजार आहे त्याला स्लीप ॲप्निया म्हणतात. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात आणि काहींची श्वासाची वाट मिटून जाते. श्वास दहा सेकंद किंवा त्याहून जास्त वेळ थांबतो. रक्तातला प्राणवायू कमी होतो, मेंदू माणसाला अर्धवट जागे करतो, वाट उघडते, पुन्हा झोप लागते आणि पुन्हा वाट मिटते. माणसाला सकाळी यातले काहीच आठवत नाही. तासाला असे ५ ते १५ वेळा झाले तर आजार सौम्य, १५ ते ३० वेळा झाले तर मध्यम, आणि ३० च्या वर गेले तर तीव्र समजतात. बाबा तीव्र गटात निघाले. गोळ्या घेऊनही खाली न येणारा रक्तदाब, सकाळचे डोकेदुखणे, कोरडे पडलेले तोंड, दिवसा येणारी झोप, या सगळ्याचे मूळ तिथे होते. बाबांनी आयुष्यभर ड्रायव्हरची नोकरी केली. गाडी चालवताना डोळा लागणे म्हणजे काय, हे त्यांना वेगळे सांगावे लागले नाही.

यावर उपाय म्हणजे सीपॅप मशीन. सिडनीचे डॉक्टर कॉलिन सलिव्हन यांनी हा उपचार १९८१ साली जगापुढे मांडला. त्यामागचा विचार साधा आहे. वस्तीत टँकर आला की त्याचा चपटा पाइप पाहा. पाणी सुटले की तो फुगून गोल होतो आणि आतून मोकळा राहतो. हे मशीन तेच काम हवेने करते. खोलीतलीच हवा गाळून, थोड्या दाबाने, नळी आणि मास्कमधून नाकात सोडते. त्या दाबाने घशाची वाट उघडी राहते.

एक गोष्ट नीट लक्षात ठेवा, कारण विमानतळावर आणि वस्तीतही इथेच घोळ होतो. हे ऑक्सिजनचे मशीन नाही. यात सिलिंडर नाही, गॅस नाही, पेट घेणारे काही नाही. हे व्हेंटिलेटरही नाही. मशीन लावणारा माणूस शेवटच्या घटका मोजत नसतो. तो फक्त नीट झोपत असतो. आणि हा आजार संसर्गजन्य नाही. शेजारी बसल्याने तो कुणाला होत नाही.

तपासणी होणारच, आणि झाली पाहिजे

आमच्या घरात काहींचे मत पडले की आजारी माणसाला तपासणीतून सूट द्यावी. आम्हाला ते पटत नाही. १९८५ साली एअर इंडियाच्या 'कनिष्क' विमानात सामानातल्या बॅगेत बॉम्ब ठेवला गेला आणि ३२९ माणसे मारली गेली. १९८८ साली स्कॉटलंडमधल्या लॉकरबी गावावर एक विमान कोसळले, २७० जीव गेले. तिथे बॉम्ब लपवला होता एका रेडिओ-कॅसेट प्लेयरमध्ये. म्हणजे घरगुती दिसणाऱ्या विजेच्या वस्तूमध्येच. तेव्हापासून मोटर, वायर, सर्किट असलेली वस्तू तपासणाऱ्याच्या नजरेत भरते. आपल्या देशातल्या बहुतेक मोठ्या विमानतळांवर हे काम केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दल करते. ते जवान आपल्याच जिवाची राखण करतात.

सीपॅप मशीनमध्ये मोटर आहे, वायर आहे. बॅगेत कपड्यांच्या आणि चार्जरच्या गर्दीत ठेवले तर एक्स-रेच्या पडद्यावर त्याचा नुसता काळपट गोळा दिसतो. जवानाला शंका येणे साहजिक आहे. म्हणून मशीन लपवणे हा सगळ्यात वाईट मार्ग. जितके लपवाल तितके ते संशयास्पद दिसेल.

आमच्या चुकांवरून शिकलेली तयारी

पहिली गोष्ट: मशीन जमा करायच्या बॅगेत कधीही टाकू नका. बॅग हरवते, उशिरा येते, आपटली जाते. मशीनला हजारो रुपये पडतात, पण प्रश्न पैशांचा नाही. भरपाई मिळालीच तर महिन्यांनी मिळेल. श्वास मात्र आज रात्री लागणार आहे.

दुसरी: निघण्यापूर्वी पाण्याची टाकी पूर्ण रिकामी करून पुसून कोरडी करा. मशीन आडवे-तिडवे झाले आणि पाणी मोटरमध्ये गेले तर ते बिघडते. भरलेली टाकी तपासणीतही अडते.

तिसरी: मशीनसाठी एक स्वच्छ पारदर्शक प्लास्टिकची पिशवी घ्या. तपासणीच्या रांगेत लॉपटॉप आणि पॉवर बँक काढता तसे मशीन आपणहून बाहेर काढा आणि पिशवीसकट ट्रेमध्ये ठेवा. पिशवीतूनही एक्स-रेमध्ये सगळे दिसते. बुटांची धूळ मशीनच्या हवेच्या तोंडाला लागत नाही. मास्क आणि नळी वेगळ्या बंद पिशवीत ठेवा. एक्स-रेने मशीन बिघडत नाही, ती भीती नको.

कधी जवान मशीनवरून एक छोटी कापडी किंवा कागदी पट्टी फिरवतात आणि ती दुसऱ्या यंत्रात घालतात. स्फोटकाचे कण आहेत का, ते त्यात कळते. तेव्हा घाबरू नका. "मास्क को हाथ लगाने से पहले नया दस्ताना पहन लीजिए," असे नम्रपणे सांगता येते. मास्क नाका-तोंडाला लागणारी वस्तू आहे. त्यासाठी स्वच्छ हात मागणे म्हणजे भांडण नव्हे.

चौथी: काय बोलायचे ते घरीच ठरवा. बाबांचे "सोने की मशीन" पुन्हा नको. हिंदीत झोपणेही सोना आणि दागिन्यातलेही सोनाच. त्यापेक्षा सरळ सांगा, "साँस की मशीन है, नींद में लगती है." एवढे एक वाक्य पुरते. घरातल्या वयस्कर माणसाकडून ते दोन-चार वेळा म्हणवून घ्या.

पाचवी: डॉक्टरांचे एक पानी पत्र सोबत ठेवा. आधार कार्डावर आणि तिकिटावर आहे तसेच नाव, आजाराचे नाव, मशीनचे नाव आणि मॉडेल, आणि ते प्रवासात रुग्णाजवळ असणे आवश्यक आहे असे वाक्य. सरकारी दवाखान्यातले डॉक्टरही असे पत्र देऊ शकतात. पत्र मागतीलच असे नाही, पण ते असले की बोलणे लवकर संपते. त्याचा एक फोटो मोबाइलमध्ये ठेवा.

सहावी: वजनाचा प्रश्न. हातातल्या सामानाची मर्यादा बहुतेक विमानांत ७ किलो असते आणि पिशवीसकट मशीन दोन किलोच्या आसपास जाऊ शकते. तिकीट काढल्यावर कंपनीला विचारा की वैद्यकीय मशीन या वजनात धरणार का. उत्तर ई-मेलवर घ्या. तोंडी उत्तर काउंटरवर विसरले जाते. ज्यांची मुले शिकायला किंवा नोकरीला अमेरिकेत आहेत त्यांनी हेही लक्षात ठेवावे: तिथल्या कायद्याने असे मशीन हातातल्या सामानाच्या मोजणीत धरता येत नाही. तपासणीत मात्र तिथेही मशीन पिशवीबाहेर काढावे लागते. मास्क आणि नळी आत राहिली तरी चालते.

सातवी: बॅटरी. ज्यांच्याकडे मशीनची वेगळी लिथियम बॅटरी आहे त्यांनी ती हातातल्या बॅगेतच ठेवावी. सुटी लिथियम बॅटरी जमा सामानात चालत नाही. १०० वॅट-अवरपर्यंत साधारणपणे अडचण येत नाही. १०० ते १६० असेल तर कंपनीची परवानगी लागते. १६० च्या वर असेल तर नेता येत नाही. हा आकडा बॅटरीवर छापलेला असतो. लोडशेडिंगमध्ये आपण घरी मशीन ज्या इन्व्हर्टरच्या बॅटरीवर चालवतो, ती पाण्याची बॅटरी विमानात न्यायचा विचारही करू नका.

आणि एक लहानशी पण महत्त्वाची वस्तू: एक्स्टेन्शन बोर्ड. पाहुण्यांच्या घरी प्लग नेहमी पलंगापासून लांबच असतो.

दीड-दोन तासांच्या दिवसाच्या विमानप्रवासात मशीन लावायची गरज नसते. परदेशी जाणारा रात्रीचा लांबचा प्रवास असेल आणि विमानात मशीन लावून झोपायचे असेल, तर कंपनीला किमान दोन दिवस आधी कळवा. ज्यांना ऑक्सिजन लागतो त्यांचे नियम पूर्ण वेगळे आहेत. त्यांनी परवानगीशिवाय निघूच नये.

एवढे करूनही मशीन एखाद्या रात्री हाताशी नसेल, तर घाबरून जाऊ नका. उताणे न झोपता कुशीवर झोपा, डोक्याकडची बाजू उंच करा, दारू आणि झोपेची गोळी टाळा, दुसऱ्या दिवशी गाडी चालवू नका आणि तान्ह्या बाळाला मांडीवर घेऊन एकटे बसू नका. हृदयाचा आजार असेल तर निघण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारून ठेवा.

आता व्यवस्थेविषयी

आमचे मागणे मोठे नाही. सामान जमा करताना काउंटरवरची मुलगी आम्हाला विचारते, "बॅगेत पॉवर बँक आहे का? लायटर आहे का?" त्याच दमात तिने "वैद्यकीय मशीन आहे का?" एवढे विचारले असते, तर बाबांची ती रात्र वाचली असती. त्या एका प्रश्नाला ना खर्च आहे ना वेळ.

तपासणीच्या रांगेपाशी काय काय काढायचे याची पाटी असते. तिच्यात "श्वासाचे मशीन" ही ओळ मराठीत आणि हिंदीत हवी. पहिल्यांदा विमानात बसणारा माणूस इंग्रजी पाटी वाचत नाही, तो पुढचा काय करतो ते बघून करतो. मास्क तपासायचा तर बाजूला घेऊन, स्वच्छ ट्रेमध्ये, नव्या हातमोज्याने तपासावा. तपासणी तितकीच कडक राहील. फक्त माणसाची मान खाली जाणार नाही. सुरक्षा आणि सन्मान यांत एक निवडावे लागते, असे आम्हाला वाटत नाही.

ज्या वस्त्यांत काल-परवापर्यंत विमान फक्त छपरावरून जाताना दिसायचे, तिथली माणसे आज त्यात बसत आहेत. कुणी लेकीच्या बाळंतपणाला जाते, कुणी मुलाच्या पदवीदानाला, कुणी दिल्लीच्या दवाखान्यात. त्यांच्यासोबत त्यांचे आजारही जाणार, मशीनही जाणार. विमानतळांनी याची सवय करून घेतली पाहिजे. अडचण आली तर विमान कंपनीकडे आणि विमानतळाकडे लेखी तक्रार करा. आम्ही केली नाही, याची आम्हाला आता खंत वाटते. "जाऊ द्या" म्हणून घरी आलो. आपण गप्प बसलो की त्यांना वाटते सगळे ठीक चालले आहे.

लपवण्याची किंमत

राहिली आमची निम्मी चूक. बाबांनी मशीन लपवायला सांगितले आणि आम्ही लपवले. चष्मा लावायला कुणी लाजत नाही. मग श्वासाच्या मशीनची लाज का? कारण दहा बाय बाराच्या खोलीत कुणी मास्क लावून झोपला की शेजारी म्हणतात, "त्याईले ऑक्सिजन लावला." कारण घोरणे हा वस्तीत विनोदाचा विषय आहे, आजाराचा नाही. बाई घोरत असेल तर ती तेही सांगत नाही. दिवसभराच्या कामाने थकली असेल, असे म्हणून विषय संपतो.

बाबा दोन वर्षे दार-खिडकी लावून मशीन वापरत होते. त्या दोन वर्षांत आमच्या गल्लीत किती जण असेच घोरत, गुदमरत, सकाळी जड डोक्याने कामावर गेले असतील? त्यांना या मशीनचे नावही माहीत नव्हते, आणि ते शेजारच्याच घरात होते. बाबांनी लपवले ते स्वतःपुरते, पण त्याची किंमत गल्लीने मोजली.

या वर्षी नातीच्या पहिल्या वाढदिवसाला बाबा पुन्हा विमानाने गेले. "येत नाही" म्हणणारा माणूस नातीचा फोन आला की विरघळतो. या वेळी रांगेत त्यांनी स्वतःच मशीन बाहेर काढले, पिशवीसकट ट्रेमध्ये ठेवले आणि जवानाने विचारण्याआधीच सांगितले, "साँस की मशीन है." जवानाने पडद्यावर पाहिले आणि मान हलवली. दोन मिनिटांत आम्ही पलीकडे होतो. तो जवान म्हणाला, "मेरे पिताजी भी बहुत खर्राटे लेते हैं. ये कहाँ मिलती है?"

बाबा तिथेच उभे राहून त्याला सांगू लागले, आधी झोपेची तपासणी करून घे, मग मशीन. मागची रांग खोळंबली, तेव्हा आम्हीच त्यांना ओढून नेले.

परत आल्यावर त्या रविवारी बाबा मशीन घेऊन विहारात गेले आणि चार-पाच जणांसमोर ते लावून दाखवले. त्यातल्या एका काकांची तपासणी पुढच्या आठवड्यात आहे. तुमच्या घरात कुणी मोठ्याने घोरत असेल आणि घोरता घोरता एकदम गप्प होत असेल, तर हसू नका. घड्याळ घेऊन बसा, मोजा, आणि सकाळी दवाखान्यात घेऊन जा.